ट्रेलर तोच, हद्द नवी

अमेरिकेत लास व्हेगासहून आय-१५ महामार्गाने नैर्ऋत्येला निघालं की तासाभरात प्रिम नावाचं छोटं गाव लागतं. तिथवरचा रस्ता नेवाडा राज्याचा. वाळवंटातला सरळ, मोकळा पट्टा आणि वेगमर्यादा ताशी ७५ मैल, म्हणजे साधारण १२० किलोमीटर. गाडीमागे ट्रॅव्हल ट्रेलर जोडलेला असला तरी मर्यादा तीच. प्रिम संपतं तिथेच नेवाडाही संपतं आणि कॅलिफोर्निया सुरू होतं. डांबर तसंच पुढे जातं, वाळवंटही तेच असतं. पण ट्रेलर ओढणाऱ्या गाडीसाठी कमाल वेग आता ताशी ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटर. शेजारून जाणाऱ्या साध्या मोटारींना ७० मैलांची मुभा आहे, ट्रेलरवाल्याला नाही. शिवाय त्याने उजव्या कडेची लेन धरायची. एका दिशेला ४ किंवा अधिक लेन असतील, तरच तिच्या शेजारची लेन वापरायची परवानगी. दहा मिनिटांपूर्वी जे कुटुंब कायद्याने वागत होतं, तेच कुटुंब तसंच चालत राहिलं तर आता दंडाला पात्र ठरतं.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे इंजिन नसलेलं, चाकांवरचं छोटं घर. पलंग, ओटा, फ्रिज, शौचालय, पाण्याच्या टाक्या आणि पुढच्या बाजूला प्रोपेन गॅसची एकदोन नळकांडी. मोटारीच्या किंवा पिकअप ट्रकच्या मागच्या हिचला ते जोडायचं आणि निघायचं. वॉली बायम यांनी १९३६ साली एअरस्ट्रीम क्लिपर हा चकचकीत ॲल्युमिनियमचा ट्रेलर बाजारात आणला. तेव्हापासून आजपर्यंत ही अमेरिकी सुट्टीची एक ठरलेली रीत झाली आहे. बे एरियातली किंवा न्यू जर्सीतली मराठी कुटुंबंही आता राष्ट्रीय उद्यानांकडे जाताना असे ट्रेलर भाड्याने घेतात. भाड्याने देणारा माणूस हिच कसा लावायचा ते दाखवतो, दिवे तपासून देतो. वाटेतल्या चार राज्यांचे चार कायदे मात्र तो सांगेलच असं नाही. म्हणूनच हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

भारतातून गेलेल्या माणसाला पहिला धक्का इथेच बसतो. आपल्याकडे १९८८ चा मोटार वाहन कायदा संसदेने केलेला आहे आणि १९८९ चे केंद्रीय नियम देशभर लागू आहेत. राज्यांचे कर वेगळे असतील, पण पुण्याची गाडी गोव्यात शिरली म्हणून तिच्या ब्रेकची व्याख्या बदलत नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत मात्र दहाव्या दुरुस्तीने, जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांकडे किंवा लोकांकडे ठेवले आहेत. रस्त्यावर कोणी, कसं आणि काय चालवायचं हे ठरवणं हा राज्यांचा परंपरागत अधिकार. मोटार आली तेव्हा तो आपोआप तिलाही लागू झाला.

त्यावर कोर्टबाजी व्हायला वेळ लागला नाही. १९१० च्या जुलैमध्ये हेंड्रिक नावाचे गृहस्थ राजधानी वॉशिंग्टनहून आपली मोटार घेऊन शेजारच्या मेरिलँड राज्यात गेले. मेरिलँडची नोंदणी नाही म्हणून त्यांच्यावर खटला झाला. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्या प्रवाशाला अशी अट घालता येते का, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी १९१५ मध्ये निकाल लागला तो मेरिलँडच्या बाजूने. केंद्राने स्वतः कायदा केलेला नसेल, तर आपल्या रस्त्यांच्या सुरक्षिततेसाठी राज्य स्थानिकांना आणि बाहेरच्यांना सारखेच नियम लावू शकतं, असं न्यायालयाने म्हटलं. ट्रेलरवाल्याला आज प्रिमच्या हद्दीवर जे सोसावं लागतं, त्याचं कायदेशीर मूळ या निकालात आहे.

या सावळ्यागोंधळाची जाणीव तेव्हाच्या राज्यकर्त्यांनाही होती. व्यापारमंत्री असलेल्या हर्बर्ट हूव्हर यांनी १९२४ मध्ये रस्ते सुरक्षेवर राष्ट्रीय परिषद बोलावली. तिच्यातून १९२६ मध्ये एक नमुना संहिता तयार झाली. सर्व राज्यांनी ती उचलावी आणि देशभर एकसारखे नियम व्हावेत ही अपेक्षा होती. राज्यांनी ती उचलली खरी, पण प्रत्येकाने आपल्याला हवं तेवढं घेतलं, नको ते वगळलं आणि आकडे आपल्या सोयीने बदलले. म्हणून आज सगळ्या राज्यांचे कायदे वाचताना ओळखीचे वाटतात आणि नेमक्या आकड्यापाशी फसवतात.

मग मोठमोठे मालट्रक या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत कसे जातात? त्यांच्यासाठी केंद्र मध्ये पडलं, आणि त्याआधी न्यायालय पडलं. १९५० च्या दशकात इलिनॉय राज्याने ट्रकच्या मागच्या चाकांना विशिष्ट वळणाचे मडगार्ड सक्तीचे केले. सरळ लोंबणारे मडगार्ड तेव्हा ४५ राज्यांत चालत होते आणि अर्कान्सामध्ये तर तेच सक्तीचे होते. म्हणजे अर्कान्साहून इलिनॉयला जाणाऱ्या ट्रकने वाटेत मडगार्ड बदलायचे! १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इलिनॉयचा नियम रद्द केला. आंतरराज्य व्यापारावर त्याचा अवाजवी बोजा पडतो, हे कारण. पुढे १९८२ च्या केंद्रीय कायद्याने महामार्गांच्या राष्ट्रीय जाळ्यावर मालट्रकच्या रुंदी-लांबीबाबत राज्यांचे हात बांधले. १९८६ च्या कायद्याने व्यावसायिक चालकांच्या परवान्याची किमान पातळी देशभर एक केली.

सुट्टीवर निघालेलं कुटुंब व्यापार करत नाही. त्यामुळे या सुधारणांतलं फारच थोडं त्याच्या वाट्याला आलं. ट्रेलरचे दिवे, टायरवरची माहिती, १७ अक्षरांचा ओळख क्रमांक हे केंद्र ठरवतं. हलक्या ट्रेलरच्या ब्रेकसाठी मात्र केंद्राचं उत्पादन मानक नाही. वेग, ब्रेक, लांबी, मागे किती वाहनं जोडायची, ट्रेलरमध्ये कोणी बसायचं, हे सगळं राज्यांवर सोडलेलं आहे. मला यात राज्यांच्या स्वायत्ततेचा गौरव दिसत नाही. मागे राहून गेलेलं काम दिसतं.

या गुंत्यातून वाट काढायला एक सूत्र उपयोगी पडतं: कागद घरच्या राज्याचे, वागणं रस्त्याच्या राज्याचं. तुमचा परवाना आणि ट्रेलरची नोंदणी तुमच्या राज्याच्या नियमांप्रमाणे ग्राह्य असेल, तर पाहुणे म्हणून जाताना इतर राज्यं सर्वसाधारणपणे ती मानतात. वेग, लेन, ब्रेक, लांबी, बोगद्यातले निर्बंध मात्र चाकं ज्या जमिनीवर असतील तिथले. हे सूत्र डोक्यात पक्कं बसलं की निम्मे गैरसमज मिटतात.

परवान्याचंच पाहू. टेक्ससमध्ये गाडी आणि ट्रेलर मिळून एकूण क्षमता २६,००० पौंडांच्या आत असेल, तर १२,००० पौंडांचा ट्रेलरही साध्या परवान्यावर ओढता येतो. कॅलिफोर्नियात ट्रॅव्हल ट्रेलरची क्षमता १०,००० पौंडांवर गेली की बिगरव्यावसायिक ‘अ’ वर्गाचा परवाना लागतो, आणि त्यासाठी वेगळी परीक्षा व आरोग्याची माहिती द्यावी लागते. आता योसेमिटीजवळच्या एखाद्या तळावर दोन शेजारी उभे आहेत, दोघांचे ट्रेलर अगदी एकसारखे, १२,००० पौंडांचे. टेक्ससहून आलेला साध्या परवान्यावर कायदेशीर आहे. फ्रेस्नोहून दोन तासांत आलेला स्थानिक माणूस विशेष परवाना नसेल तर गुन्हेगार. तर्काला हे पटत नाही, पण कायदा असाच आहे.

वर मी वजनाऐवजी ‘क्षमता’ म्हटलं, ते मुद्दाम. ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला, पुढच्या डाव्या कोपऱ्याजवळ एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर कारखान्याने ठरवलेली कमाल वजनमर्यादा छापलेली असते: ट्रेलर, त्यातलं सामान, पाणी, गॅस, सगळं धरून. परवान्याचे कायदे सहसा हा आकडा पाहतात. त्या दिवशी ट्रेलर रिकामा होता, ही सबब तिथे चालत नाही. ब्रेकचे कायदे मात्र कुठे भरलेल्या ट्रेलरचं वजन धरतात, कुठे रिकाम्या ट्रेलरचं. न्यूयॉर्क तर दोन्ही पाहतं: रिकामं वजन १,००० पौंडांवर गेलं तरी ब्रेक हवेत. दोन राज्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करताना ते कोणत्या वजनाचे आहेत हे पाहिलं नाही, तर ती तुलना फसवी ठरते.

ब्रेकच्या प्रश्नावर थोडं थांबू, कारण जिवावरचा प्रश्न हाच आहे. ओढणाऱ्या मोटारीचे ब्रेक त्या मोटारीच्या वजनासाठी बनवलेले असतात. मागे दोन टनांचा ट्रेलर असेल आणि त्याला स्वतःचे ब्रेक नसतील, तर तो थांबवण्याचं कामही मोटारीच्याच ब्रेकवर येतं. थांबायला अंतर जास्त लागतं. उतारावर ब्रेक तापून त्यांची पकड कमी होते. वळणावर ब्रेक मारला तर मागचा ट्रेलर मोटारीला ढकलतो आणि मोटार व ट्रेलर हिचपाशी दुमडून आडवे होऊ शकतात. म्हणून ठरावीक वजनाच्या पुढे ट्रेलरच्या चाकांना स्वतंत्र ब्रेक हवेत, यावर सगळे सहमत आहेत. ते वजन कोणतं, यावर नाहीत.

फ्लोरिडा, कोलोरॅडो, व्हर्जिनिया, ॲरिझोना, न्यू मेक्सिको अशा बऱ्याच राज्यांत ही सीमा ३,००० पौंड, म्हणजे सुमारे १,३६० किलो आहे. कॅलिफोर्नियात राहण्याजोग्या ट्रेलरसाठी ती निम्मी, १,५०० पौंड. टेक्ससमध्ये ४,५०० पौंड. मॅसॅच्युसेट्समध्ये तर रिकामं वजन १०,००० पौंडांवर जाईपर्यंत सक्ती नाही. आता आय-१० महामार्गाने टेक्ससच्या एल पासोहून लॉस एंजेलिसला निघालेला २,००० पौंडांचा बिनब्रेकचा छोटा ट्रेलर पाहा. टेक्ससमध्ये तो चालतो, न्यू मेक्सिकोत आणि ॲरिझोनात चालतो. कोलोरॅडो नदीचा पूल ओलांडून कॅलिफोर्नियात शिरला की बेकायदा होतो.

आजकाल मोठ्या ट्रॅव्हल ट्रेलरना कारखान्यातूनच विजेवर चालणारे ब्रेक बसवून येतात. पण इथे एक मेख आहे. ते ब्रेक चालवणारा कंट्रोलर ट्रेलरमध्ये नसतो, ओढणाऱ्या गाडीत चालकाजवळ असतो. तो बसवलेलाच नसेल, तर ट्रेलरला ब्रेक असूनही ते लागणार नाहीत. भाड्याचा ट्रेलर आपल्या गाडीला जोडताना सर्वांत आधी हेच विचारावं. जोडीला हिचपासून ट्रेलर निसटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारा स्विच आणि ट्रेलरच्या दांड्याखाली फुलीसारख्या अडकवायच्या दोन साखळ्या. नियम राज्याराज्यांत वेगळे असले तरी ही सुरक्षा सगळीकडे लागते, असंच धरून चालावं.

मी स्वतः मॅसॅच्युसेट्समध्येही कॅलिफोर्नियाचाच आकडा पाळण्याच्या बाजूचा आहे. कायद्याने सूट दिली म्हणून थांबायचं अंतर कमी होत नाही.

वेगाचंही तसंच आहे. १९७४ मध्ये तेलटंचाईमुळे केंद्राने देशभर ५५ मैलांची मर्यादा आणली होती. १९९५ मध्ये ती उठली आणि राज्यं पुन्हा मोकळी झाली. कॅलिफोर्नियाने ट्रेलरसाठी ५५ कायम ठेवली. वॉशिंग्टन राज्यात जोडलेल्या वाहनांना ६० मैलांच्या वर जाता येत नाही. टेक्ससमध्ये ऑस्टिनच्या दक्षिणेला एसएच-१३० या टोल रस्त्याच्या एका भागावर मर्यादा चक्क ८५ मैल आहे. पण ५५ वरून ७५ मैलांवर गेलं की गतिज ऊर्जा जवळपास १.८६ पट होते, म्हणजे ब्रेकना तेवढी जादा ऊर्जा जिरवावी लागते. दुसरी गोष्ट टायरची. ट्रेलरसाठीचे खास टायर पुष्कळदा ६५ मैलांपर्यंतच्या वेगासाठीच बनवलेले असतात. जास्त क्षमता असेल तर तसं टायरवर छापलेलं असतं. ७५ ची पाटी पाहून ६५ च्या टायरवर ट्रेलर पळवणारा माणूस कायदा मोडत नसेल, पण वाळवंटातल्या तापलेल्या डांबरावर टायर फुटण्याला आमंत्रण देत असतो. त्यातच वजनाची मांडणी चुकलेली असेल, हिचवर ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार येत नसेल, तर वेग वाढताच ट्रेलर डावीउजवीकडे झोके घ्यायला लागतो. अपघातांची सुरुवात बऱ्याचदा अशीच होते.

पिकअपमागे ट्रेलर आणि त्याच्याही मागे होडी, अशी तीन वाहनांची रांग मध्य आणि पश्चिम अमेरिकेत दिसते. टेक्सस आणि ॲरिझोना ती चालवून घेतात. मिशिगनमध्ये त्यासाठी परवान्यावर ‘आर’ ही खास नोंद करून घ्यावी लागते. न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि वॉशिंग्टन राज्यात ती बेकायदा. एकूण लांबीच्या मर्यादाही वेगळ्या. कॅलिफोर्नियात ट्रेलर ४० फूट आणि सगळी जोडणी ६५ फूट ही सर्वसाधारण हद्द. उंची पूर्वेकडे बहुतेक ठिकाणी १३ फूट ६ इंच, पश्चिमेत अनेक ठिकाणी १४ फूट.

मुलं असलेल्या कुटुंबाला पडणारा प्रश्न वेगळाच असतो: गाडी चालू असताना मुलांना मागे ट्रेलरमध्ये झोपू द्यावं का? कॅलिफोर्नियात साध्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये प्रवासी बसवायला बंदी आहे. पिकअपच्या हौद्यात जोडल्या जाणाऱ्या फिफ्थ व्हील ट्रेलरला मात्र सूट आहे. सुरक्षित काच हवी, आतून-बाहेरून उघडणारं दार हवं आणि चालकाला इशारा देण्याची सोय हवी. अनेक राज्यांत सरसकट बंदी आहे, काही राज्यांत मनाई नाही. माझं मत स्पष्ट आहे. ट्रेलरमध्ये सीटबेल्ट नसतात आणि आतली कपाटं, ओटा, फ्रिज टक्कर सोसण्यासाठी बांधलेले नसतात. जिथे कायदा परवानगी देतो तिथेही मुलांना मागे बसवू नये.

आता गॅस. घरी सिलिंडर हा जितका नेहमीचा, तितकाच तो ट्रेलरमध्येही. पण पाण्याखालच्या बोगद्यात गॅसची आग लागली तर पळायला जागा नाही, म्हणून बोगद्यांचे नियम कडक असतात. बाल्टिमोरमध्ये बंदराखालून दोन बोगदे जातात: १९५७ चा हार्बर टनेल आणि १९८५ चा फोर्ट मॅकहेन्री टनेल. दोन्हींत १० पौंडांपेक्षा मोठी प्रोपेनची नळकांडी न्यायला मनाई आहे. ट्रॅव्हल ट्रेलरवर साधारण २० किंवा ३० पौंडांची नळकांडी असतात, म्हणजे बहुतेक सगळे ट्रेलर बाद. न्यू जर्सीहून आय-९५ ने दक्षिणेला निघालेले ट्रेलरवाले वर्षानुवर्षं १९७७ मध्ये खुल्या झालेल्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून वळसा घालत. २६ मार्च २०२४ च्या पहाटे ‘डाली’ हे मालवाहू जहाज त्या पुलाच्या खांबाला धडकलं आणि पूल कोसळला. पुलावर खड्डे बुजवणारे ६ कामगार त्यात मृत्युमुखी पडले. त्यानंतर ट्रेलरवाल्याला आय-६९५ च्या पश्चिम बाजूने शहराला लांबचा फेरा मारावा लागू लागला. फोनवरचा नकाशा सर्वांत जवळचा रस्ता म्हणून बोगदाच दाखवतो. मागे गॅस आहे हे त्याला ठाऊक नसतं.

त्याच किनाऱ्यावर थोडं खाली, व्हर्जिनियाच्या चेसापीक बे ब्रिज-टनेलमध्ये ठरावीक मर्यादेपर्यंत प्रोपेन चालतो, मात्र नळकांड्याचा कॉक बंद केलेला हवा. न्यूयॉर्क शहरात हॉलंड आणि लिंकन बोगद्यांत आणि जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या खालच्या मजल्यावर प्रोपेनचा ट्रेलर नेता येत नाही. तिथल्या पार्कवे नावाच्या रस्त्यांवर तर ट्रेलरलाच बंदी. हे रस्ते मोटारींच्या सहलीसाठी बांधलेले, त्यांच्यावरचे दगडी कमानींचे पूल बुटके. शेजारच्या कनेटिकटमधला मेरिट पार्कवे १९४० मध्ये पूर्ण झाला; त्याच्यावर ८ फुटांपेक्षा उंच वाहन चालत नाही आणि ट्रेलर तर नाहीच. नकाशात तो आय-९५ ला समांतर, हिरवागार आणि मोकळा दिसतो, आणि नवखे तिथेच फसतात.

रात्री विश्रांतीसाठी महामार्गालगतच्या थांब्यावर ट्रेलर लावावा म्हटलं, तरी टेक्सस २४ तास देतं, कॅलिफोर्निया ८ तास, फ्लोरिडा फक्त ३ तास आणि व्हर्जिनिया २ तास. झोप पूर्ण होईल की नाही, हेही राज्यावर ठरतं!

निघण्यापूर्वी काय करायचं? वाटेतल्या प्रत्येक राज्याच्या वाहन विभागाच्या किंवा हायवे पोलिसांच्या अधिकृत माहितीतून ट्रेलरचा वेग, ब्रेकची सीमा, कमाल लांबी आणि बोगद्यांचे निर्बंध लिहून काढा. ओळखीच्यांनी मागच्या वर्षी सांगितलेला आकडा धरू नका. कायदे बदलतात आणि पूलही पडतात. मग त्या यादीतला सर्वांत कडक आकडा साऱ्या प्रवासाला लावा. वेग कॅलिफोर्नियाचा, ब्रेक कॅलिफोर्नियाचे, रांगेत दोनच वाहनं, मुलं पुढच्या गाडीत आणि गॅसचा कॉक चालत्या प्रवासात बंद. इतकं केलं की राज्याची हद्द कुठे लागली, याची ब्रेक, वेग आणि माणसांपुरती काळजी उरत नाही. बोगदे आणि पार्कवे यांचा रस्ता मात्र आदल्या दिवशी नकाशावर बोट ठेवून तपासावाच लागतो. तो तपासल्याशिवाय ट्रेलर जोडू नका.